मेमरीच्या पट्टीला हळदकुंकू

संगणक हळू चालतो अशी तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने कधी येत नाही. निदान सोबत घेऊन येतं. "व्हायरस शिरलाय." "पोरांनी गेम टाकल्यात." "मेव्हण्यानं बघितलं, तो म्हणला विंडोज म्हातारी झाली." सोलापूरचा माणूस डॉक्टरकडे गेला की गप्प बसतो, गॅरेजला गेला की गप्प बसतो, पण माझ्या दुकानाची पायरी चढला की त्याच्या अंगात इंजिनिअर संचारतो. मी सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो. कारण बरीच वर्षं माझी अवस्था त्यांच्यापेक्षा वाईट होती. गिऱ्हाइकांकडे निदानं तरी चार प्रकारची असायची. माझ्याकडे औषध एकच होतं. मेमरी वाढवा.

साखर पेठेतल्या एका बोळात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली तिथे माझी मुलगी बसते, दुरुस्तीही तीच करते, आणि मी 'अनुभवी' या पदावर एक खुर्ची अडवून असतो. माझ्या त्या एकमेव औषधावर बायको घरात फार बोलायची. एकदा मला ताप आला तेव्हा डॉक्टरांसमोर म्हणाली, "गोळ्या कशाला देता, दोन जीबी टाका यांच्यात." मी काही बोलणार तोच कानडीत म्हणाली, "सुम्नीर्री." म्हणजे गप्प बसा. आमच्या घरात प्रेम मराठीतून चालतं आणि हुकूम कानडीतून.

तसं औषध खोटं नव्हतं. संगणकात दोन जागा असतात. एक साठवणीची. फोटो, हिशेब, पत्रं, सगळं तिथे पडून असतं आणि वीज गेली तरी जागचं हलत नाही. दुसरी कामाची. या घटकेला जे उघडलंय, ज्यावर हात चाललाय, तेवढंच तिथे मांडलेलं असतं. ही दुसरी जागा म्हणजे मेमरी, रॅम. हिरवी लांबट पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दात. ही जागा अपुरी पडली की संगणक थोडा पसारा साठवणीत नेऊन ठेवतो, लागला की परत आणतो, पुन्हा नेतो, पुन्हा आणतो, आणि या हेलपाट्यांतच त्याचा दम निघतो. अशा वेळी पट्टी वाढवली की तोच संगणक पळायला लागतो. एका लग्नपत्रिका छापणाऱ्याचा संगणक माझ्या हातची पट्टी बसल्यावर असा पळाला, की त्याने मला पेढे दिले. तेव्हापासून मला वाटायला लागलं, आपल्या हाताला गुण आहे. आणि हाताला गुण आहे असं वाटलं की माणूस तपासायचं बंद करतो.

तसाच मी बार्शीला गेलो.

तिथे दत्तूअण्णांची धान्याची आडत. फोनवर म्हणाले, "एक पावती निघंस्तोवर शेतकरी च्या पिऊन, झोपून उठतुया. काय तरी करा." मी फोनवरच निदान केलं. पिशवीत पट्ट्या टाकल्या, एसटीत बसलो. दुकानात पोचल्यावर जुनी पट्टी काढली, मोठ्या दोन बसवल्या, झाकण लावलं आणि ऑपरेशन करून बाहेर आलेल्या सर्जनसारखा रुमालाने हात पुसत म्हणालो, "आता बघा."

अण्णांनी बघितलं. पावती आधीइतक्याच सावकाशीने निघाली.

मी म्हणालो, "नवीन आहे. जरा रुळू द्या."

"मेमरी काय बैल हाय व्हय, रुळाय?" असं म्हणून अण्णांनी चष्मा चढवला. संगणक स्वतःची माहिती ज्या पानावर सांगतो, ते पान त्यांनी उघडलं होतं. ते मी उघडायला हवं होतं. "इंजिनेर, हितं लिवलंय आठ. फुडं कंसात लिवलंय, वापरण्याजोगी सव्वातीन. बाकीची कुटं हाय?"

मी वाकून पाहिलं. त्यांच्या मशीनमधली विंडोज होती जुन्या बत्तीस बिट जातीची. तिला चार जीबीच्या पलीकडे मोजताच येत नाही. तुम्ही आठ घाला नाही तर ऐंशी, ती चारच्या आत काय ते पाहणार. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हाताला गुण असल्यामुळे आठवलं नाही.

"तुमी घातली म्हंता."

"घातली की."

"मंग दिसंना कशी?"

"आहे अण्णा. पण त्याला दिसत नाही."

अण्णांनी चष्मा काढून गादीवर ठेवला. "आमी काटा मारतो म्हणून गावंच्या गावं बोंबलत्यात. आमी मारून मारून किती मारणार, पोत्यामागं किलोभर. तुमी तर निम्म्याच्या वर मारली की."

माझ्या कारागिरीचं इतकं अचूक वजन आजवर कुणी केलेलं नाही. कहर म्हणजे, मग मी शांतपणे बसून तपासलं तर पावती निघताना जुनी मेमरीसुद्धा निम्मी रिकामीच राहत होती. खरा आजार होता घरघर करणाऱ्या म्हाताऱ्या हार्ड डिस्कचा. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची चपळ डिस्क, बसवली आणि शेतकऱ्याचा चहा संपायच्या आत पावती निघायला लागली. म्हणजे ज्याचं मूळचं गोदाम निम्मं रिकामं, त्याला मी शेजारी दुसरं गोदाम बांधून दिलं होतं, आणि तेही बिनदाराचं. अण्णा अजून माझ्याकडे माणसं पाठवतात. प्रत्येकाला सांगून पाठवतात, "माणूस चांगला हाय. फकस्त काट्यावर नजर ठिवा."

त्या एसटीच्या परतीच्या प्रवासात मी जे ठरवलं, ते वाचकांच्या कामाचं आहे म्हणून लिहितो. पट्टी विकत घेण्याआधी बघायचं. आणि बघायचं ते संगणक निवांत असताना नव्हे, तर ज्या कामाला तो रडतो ते काम चालू असताना. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी किती टक्के भरली ते लिहिलेलं असतं. ती जवळजवळ काठोकाठ भरून तिथेच ठाण मांडून बसली असेल, आणि त्याच वेळी डिस्कही धापा टाकत असेल, तर खुशाल मेमरी वाढवा, फरक लगेच दिसेल. पण निम्मी रिकामी असूनही काम रखडत असेल, तर माझ्यासारखा कुणी कितीही प्रेमाने म्हणाला तरी वाढवू नका. दोष दुसरीकडे आहे. जुनी डिस्क असेल. नाही तर धूळ. आमच्या गावात घरोघरी माग, त्यामुळे हवेत सूत उडतं. सोलापुरी कॅबिनेट उघडलं की आत एक लहानशी गादी तयार झालेली असते. त्या गादीखाली पंखा गुदमरतो, मशीन तापतं आणि स्वतःहून चाल मंद करतं. अशा मशीनला मेमरी म्हणजे दमेकऱ्याला च्यवनप्राश. आधी ब्लोअर मारा. घेण्याआधी आपल्या मशीनला कुठल्या जातीची पट्टी बसते तेही विचारा, एका जातीची पट्टी दुसरीच्या खाचेत जात नाही. काही लॅपटॉपमध्ये तर ती जन्मतःच चिकटवलेली असते, तिथे वाढवायची सोयच नसते.

काही माणसांची मेमरी कितीही वाढवली तरी पुरत नाही, हेही सांगतो. आमच्या भागातल्या एका क्लासवाल्या सरांनी ब्राउझरमध्ये इतकी पानं उघडी ठेवली होती, की वरती नावं दिसायची बंद होऊन नुसत्या उभ्या रेघा उरल्या होत्या. मी म्हटलं, "सर, बंद का करत नाही?" म्हणाले, "वाचायची आहेत." मी म्हटलं, "वाढवून देतो मेमरी, पण तुम्ही आणखी उघडाल." सर थोडा वेळ विचार करून म्हणाले, "हो." प्रामाणिक माणूस.

तर एवढा शहाणा झाल्यावर मी नरसय्यांच्या शेडात गेलो. गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट.

नरसय्या आमच्याकडचे जुने तेलुगु विणकर. चादरी आणि टॉवेल. घरात तेलुगु बोलतात, बाजारात मराठी, आणि माग अडला की दोन्ही भाषांतलं निवडक. सगळे माग जुने, पण एकावर त्यांनी नवं जॅकार्ड बसवलं होतं, जे संगणकातली फाइल वाचून नक्षी विणतं. ती फाइल मात्र ते बाहेरच्या डिझायनरकडून करून आणायचे. त्यांची सून सरोजा. माहेरी असताना तिने डिझाइनचं शिक्षण घेतलेलं, आणि लग्नानंतर ती टॉवेलच्या कडा शिवत होती. नवरा माल घेऊन गावोगाव फिरतो. तिने सासऱ्यांच्या मागे लागून लागून माझ्याच दुकानातून एक वापरलेला संगणक घ्यायला लावला आणि शेडाशेजारच्या खोलीत मांडला.

मग हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने चादर मागितली. अख्ख्या चादरीवर एकच मोर, पिसारा फुलवलेला. नमुना बघून पुढची ऑर्डर. नरसय्या सुनेला म्हणाले, आणि मी तिथेच उभा होतो म्हणून हे शब्द मला पाठ आहेत, "सरे. हे एक तू कर. जमलं तर पुढची सगळी डिझाइनं तुझी. नाही जमलं तर हे खोकं विकायचं, आणि तू शिलाईला बस. परत विषय नाही."

सरोजा म्हणाली, "चालेल, मामय्या." सरे म्हणजे ठीक, मामय्या म्हणजे सासरे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण अंकल, हे गोठतंय. पिसाऱ्यात रंग भरायला गेलं की अडकून बसतं."

कारण उघड होतं, पण मी बार्शी विसरलो नव्हतो. साध्या चादरीत एक लहान फूल घेतात आणि तेच चादरभर पुन्हा पुन्हा छापल्यासारखं विणतात, फाइल एवढीशी. इथे मोर एकच, डोक्यापासून पायथ्यापर्यंत, आणि नक्षीतला एकेक ठिपका म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एकेक गाठभेट. मी सरोजाला रंग भरायला लावले आणि टास्क मॅनेजर उघडून बसलो. मेमरी काठोकाठ. डिस्क धापा टाकतेय. मला इतका आनंद झाला की मी तो चेहऱ्यावर दाखवला, आणि सरोजाला वाटलं मी तिला हसतोय.

नरसय्या म्हणाले, "मग जास्त ताकदीचं मशीन लागतंय काय?"

"नाही. तुमचा माग चालतो तेव्हा धोट्यात काय असतं?"

"कांडी." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो, आणि कांडी म्हणजे त्याच्या पोटातली सुताची नळी. ती संपली की दुसरी घालायची.

"भरलेल्या कांड्या कुठं ठेवता?"

"मागाजवळ. टोपलीत."

"टोपली लहान असली तर?"

"सारखं उठून कांडीच्या मशीनपर्यंत जायचं. तेवढा वेळ माग उभा."

"मागाला मोठी मोटार बसवली तर?"

नरसय्या माझ्याकडे दयेने बघायला लागले. "मोटारीचा काय संबंध? माग उभाच राहणार की. टोपली मोठी करायची."

"तेच सांगतोय. हार्ड डिस्क म्हणजे तुमचं सुताचं गोदाम, आणि मेमरी ही टोपली."

"असं सरळ बोल ना सिद्रामप्पा. उगाच जीबी-जीबी करत बसतो."

आत एक खाच रिकामी होती. त्या जुन्या जातीची मोठी पट्टी दुकानात एकच उरली होती, ती मी आणून बसवली. सरोजाने पिसाऱ्यावर रंग टाकला आणि तो पाण्यासारखा पसरला. ती खुर्ची पुढे ओढून कामाला लागली, आमच्याकडे पाठ करून.

इथेच मी निघायला हवं होतं. पण कौतुक झालं की माझी जीभ सैल सुटते. मी नरसय्यांना जवळ बोलावलं, झाकणाचा स्क्रू कसा फिरवायचा ते दाखवलं, बॅटरीचा उजेड पाडून आतली नवी पट्टी दाखवली आणि म्हणालो, "बघून घ्या. ही तुमच्या मशीनची लक्ष्मी. ही खूश तर सगळं खूश."

नरसय्यांनी मान हलवली. मनावर घेतलं.

खंडेनवमीला सोलापुरात अवजारांची पूजा असते. माग बंद, शेड झाडून-पुसून लख्ख, प्रत्येक मागाला हळदकुंकू, फूल, पुढे नारळ. सरोजा त्या दिवशी माहेरच्या शेडात पूजेला गेली होती. मोराचा पिसारा अजून थोडा रंगवायचा होता, पण दसऱ्याचा दिवस हाताशी होता आणि व्यापारी येणार होता त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी.

दसऱ्याला सकाळी मी नवा सदरा घालून बसलो होतो. सरोजाचा फोन आला. "अंकल, चालूच होत नाही. नुसतं बीप बीप करतंय."

बीप बीप म्हणजे बहुतेक वेळा पट्टी खाचेत नीट बसलेली नाही. असं मशीन मी शाळकरी खोडरबराने बरं करतो. सोनेरी दात खोडरबराने घासायचे, पट्टी परत बसवायची. आमच्या धंद्यातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत रुबाबदार युक्ती. म्हणून खिशात खोडरबर टाकलं आणि बायकोला सांगितलं, आलोच.

खोलीत नरसय्या हातात फोन घेऊन उभे होते. सरोजा संगणकाशेजारी भिंतीला टेकून. नरसय्या म्हणाले, "मी डिझायनरला लावतो. त्याच्याकडे तयार मोर असतोय. उद्या दुपारी माणूस येणार आणि आपल्याकडे काय? खोकं." मग सुनेकडे न बघता म्हणाले, "मशीन सांभाळता येत नाही, आणि डिझाइन करणार."

सरोजाने माझ्याकडे बघितलं. "डिझाइन गेलं का?"

"नाही. वीज गेली की टोपली रिकामी होते. गोदाम नाही. काल सेव्ह केलं होतंस ना?"

"परवा. काम बंद करताना केलं होतं."

"मग आहे."

मी झाकण काढलं. पंख्याच्या जाळीत झेंडूची पाकळी अडकली होती. खाली दोन-तीन अक्षता. आणि नव्या पट्टीच्या बरोबर मध्यभागी ओल्या बोटाने लावलेली हळद, तिच्यावर कुंकू, आणि तिथून एक लालपिवळा ओघळ खाली उतरून थेट खाचेत गेलेला. शेजारच्या जुन्या पट्टीला कुणी हात लावला नव्हता. ती लक्ष्मी नव्हती ना.

मी मागे वळलो. "आतली पूजा कुणी केली?"

मग नरसय्या म्हणाले, "मी केली. तूच म्हणलास, ही लक्ष्मी."

"म्हणालो होतो."

"मग लक्ष्मीला सोडून पत्र्याला हळदकुंकू लावू काय?"

त्यांच्या बाजूने चूक कुठे होती? मी लक्ष्मी दाखवली, स्क्रू कसा काढायचा ते शिकवलं, आणि दसरा तोंडावर होता. माणसाने करायचं तरी काय? मी म्हटलं, "लक्ष्मीला पाणी चालत नाही, एवढं सांगायचं माझ्याकडून राहिलं."

सरोजा भिंतीपासून सुटली आणि तिने कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नुसतं म्हणाली, "मामय्या, मला विचारायचं तरी."

"तू माहेरी," असं म्हणून नरसय्यांनी फोन खिशात घातला. त्यांचा चेहरा पडला होता. ऐन सणाला आपल्या हातून पूजेतच काही बिघडावं, हे त्या माणसाला कसं लागलं असेल, ते मी समजू शकत होतो. मग म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघ. नाही झालं तर मात्र डिझायनर. व्यापाऱ्यापुढं रिकाम्या हातानं बसणार नाही मी."

मी ब्रश घेतला, आयपीए म्हणजे आमचं ते झटकन उडून जाणारं स्पिरिट घेतलं, ब्लोअर घेतला. खोडरबर काढून दात घासले. पाकळी काढली, अक्षता काढल्या. माझं सगळं पांडित्य पणाला लावलं. शेवटी निकाल असा लागला: नवी पट्टी गेली आणि तिची खाचही गेली. जुनी खाच, जुनी लहान पट्टी, एवढ्यावर मशीन सुरू झालं. तशी मोठी पट्टी आता माझ्याकडे नव्हती, पुण्याहून यायला दसऱ्याची सुट्टी आडवी. डिझाइनचं सॉफ्टवेअर त्या एका मशीनशी बांधलेलं. दुसऱ्या मशीनवर चालवायचं तर कंपनीच्या माणसाने येऊन परवानगी द्यायची, आणि तोही सदरा घालून आपल्या घरी बसलेला. म्हणजे आम्ही होतो तिथेच परत आलो. मोर आहे, पण रंगवायला गेलं की गोठणार.

मी हे सांगितलं. धीर द्यायला म्हणून टोपलीची गोष्ट परत सुरू केली, तर सरोजाने हात वर करून मला थांबवलं.

"टोपली लहान आहे ना अंकल? मग सगळ्या कांड्या एकदम कशाला आणायच्या?"

"म्हणजे?"

"अख्खी चादर उघडते म्हणून मेमरी भरते. मी मोराचे आडवे चार तुकडे करते. एका वेळी एकच तुकडा उघडायचा, रंगवायचा, बंद करायचा. जॅकार्डला चारही फायली एकामागून एक द्यायच्या. त्याला काय कळतंय?"

आयुष्यभर 'मेमरी वाढवा' सांगून पोट भरलेल्या माणसाला कुणी पहिल्यांदाच 'काम लहान करा' असं म्हणत होतं. धंद्याच्या दृष्टीने अत्यंत धोकादायक बाई.

नरसय्या म्हणाले, "आणि जोड? एक धागा सरकला तर मोराची मान मोडल्यागत दिसंल."

"तेवढं बघावं लागेल," ती म्हणाली आणि बसली.

अख्खं डिझाइन एकदा उघडून त्याचे तुकडे करायचे होते. ते उघडायला इतका वेळ लागला की आमचा चहा झाला, नरसय्यांनी मला आपट्याचं सोनं दिलं, मी त्यांना दिलं, आणि तरीही पडद्यावरचं चक्र फिरतच होतं. एकदा पडदा पांढरा पडला. नरसय्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. सरोजा म्हणाली, "कुणी हात लावू नका," आणि आम्ही दोघांनी आपापले हात मागे बांधले. मोर आला. तिने त्याला कापलं: तुरा आणि वरची पिसं, मान, छाती, पायथा. प्रत्येक तुकड्याच्या कडेला शेजारच्या तुकड्याच्या थोड्या ओळी जास्तीच्या ठेवल्या, म्हणजे पिसाची रेघ कुठून येते ते दिसावं. शेवटी तेवढ्या ओळी काढून टाकायच्या. मग पहिला तुकडा उघडला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी निम्म्यावर. रंग टाकला. पसरला.

मी दिवसभर तिथेच थांबलो. करण्यासारखं काही नव्हतं, पण घरी जाऊन बायकोला काय सांगणार? मी ब्लोअर घेऊन शेडातला पंखा साफ केला, टेबल साफ केलं, एका मागाचाही काही भाग साफ केला. नरसय्या मधूनमधून सुनेच्या मागे येऊन उभे राहायचे. तिसऱ्या तुकड्याला त्यांनी वाकून पडद्यावर बोट ठेवलं आणि तेलुगुत काहीतरी म्हणाले. सरोजाने मोठं करून बघितलं, एक ओळ पुसली, परत काढली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण बोट ठेवताना त्यांनी ते आधी धोतराला पुसलं होतं, एवढं मी पाहिलं. संध्याकाळ झाली तेव्हा चारही फायली पेनड्राइव्हवर होत्या, आणि डिझायनरला फोन गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेलो. चादर मागातून इंच इंच वर येत होती. पायथा आला, पहिला जोड आला आणि गेला, छाती आली. नरसय्या अंगठा कापडावर ठेवून जोड शोधत होते. मानेचा जोड आला तेव्हा सरोजा मागाकडे पाठ करून उभी राहिली. नरसय्यांचा अंगठा थांबला, परत मागे फिरला, पुन्हा पुढे गेला. मग त्यांनी सुनेच्या खांद्यावर टपली मारली आणि बोटाने खूण केली: बघ. मान सरळ होती.

दुपारी व्यापारी आला. चांगला भरदार माणूस, हातात दोन फोन. आम्ही त्याला शेडाशेजारच्या खोलीत बसवलं, चादर खाटेवर पसरली. त्याने ती हाताने चाचपली, मागची बाजू पाहिली, लांबून पाहिली. मग पडद्याकडे बोट दाखवून मोठ्याने काहीतरी विचारलं. पलीकडे माग खडखडत होते, कुणाला काही ऐकू आलं नाही. त्याने परत विचारलं, नरसय्यांच्या कानाजवळ वाकून. त्याच्या मोडक्या मराठीतलं मला तुटक ऐकू आलं: बॉर्डर, रंग, बदलून मिळेल काय.

नरसय्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सवयीने. इतकी वर्षं गिऱ्हाइकाशी तेच बोलत आले होते. सरोजा खुर्चीवर बसून होती, काहीतरी सांगत होती, पण तिचा आवाज खोलीतसुद्धा पोचत नव्हता.

नरसय्यांनी तोंड मिटलं. उठले, शेडात गेले. मला वाटलं माग अडला असेल. ते भिंतीजवळच्या स्विचबोर्डापाशी थांबले आणि त्यांनी शेडाचा मेन स्विच ओढला. सगळे माग एकदम थांबले. ऐन दुपारी, कामाच्या दिवशी, विणणारे एकमेकांकडे बघत राहिले. शेडात इतकी शांतता मी खंडेनवमीलासुद्धा ऐकली नव्हती.

नरसय्या दारात आले, व्यापाऱ्याला म्हणाले, "आता विचारा. हिला."

व्यापाऱ्याने विचारलं. सरोजाने खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि साध्या आवाजात म्हणाली, "बॉर्डर बदलून मिळेल. मोराला हात लावणार नाही."